पाय प्लास्टरमध्ये, अँप माजघरात

वाचकांचे प्रश्न : घरगुती ध्वनिमुद्रण

प्रश्न : मी वेंगुर्ल्याचा राहणारा असून छंद म्हणून इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. जूनच्या अखेरीस विहिरीकडे उतरणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरलो आणि उजव्या घोट्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करून प्लेट बसवली आहे, वर प्लास्टर आहे आणि सहा आठवडे पाय जमिनीला टेकायचा नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे. माझे मामा जहाजावर नोकरीला होते. त्यांनी १९७४ च्या सुमारास अमेरिकेहून आणलेला फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आता माझ्याकडे आला आहे. कित्येक वर्षे तो माळ्यावर पडून होता, भाच्याने तो नुकताच खाली आणला. घर जुने, चिऱ्यांच्या भिंतींचे आणि कौलारू आहे, शेजारच्या खोलीत आई झोपते. माझ्याजवळ शुअर एसएम५७ माइक, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (गिटार आणि माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) आणि लॅपटॉप आहे. सक्तीच्या विश्रांतीत या अँपचा आवाज घरीच नीट रेकॉर्ड करावा अशी फार इच्छा आहे. बसल्या जागेवरून हे कसे साधावे? स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर मिळाला आहे. अँप लावून पाहू का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : लावून पाहू नका. पन्नास वर्षांचा आणि त्यातली अनेक वर्षे कोकणातल्या माळ्यावर काढलेला व्हॉल्व्ह अँप जाणकाराने उघडून तपासेपर्यंत विजेला जोडणे तुमच्यासाठी धोक्याचे आहे आणि अँपसाठीही. या अँपच्या आत चारशे व्होल्टच्या वर डीसी दाब असतो. तो साठवणारे मोठे कंडेन्सर, ज्यांना आपले रेडिओ मेकॅनिक फिल्टर कंडेन्सर म्हणतात, प्लग काढल्यानंतरही विजेचा साठा धरून राहू शकतात आणि तो साठा जीवघेणा असतो. म्हणून मागची पट्टी काढून ‘नुसते आत डोकावून पाहण्याचा’ मोह भाच्यालाही होऊ देऊ नका. हेच कंडेन्सर वयानुसार आतून सुकतात, आणि दीर्घ काळ बंद राहिलेल्या अँपला एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटतात किंवा आपल्याबरोबर पॉवर ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातात. कंडेन्सर बदलता येतात. मूळ ट्रान्सफॉर्मर मात्र जळला की जुन्या अँपचे निम्मे मोल गेले असे समजावे.

मेकॅनिककडे पाठवताना चार गोष्टी स्पष्ट सांगा. पहिली, फिल्टर कंडेन्सर तपासून बदलणे. दुसरी, वायर आणि प्लग. जुन्या अमेरिकी अँपमध्ये दोन पिनांचा प्लग आणि मागच्या बाजूला ‘ग्राउंड’चा खटका असे, आणि त्या खटक्यातून विजेची एक तार एका लहान कंडेन्सरमार्फत लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे. तो कंडेन्सर शॉर्ट झाला की सांगाडा जिवंत होतो. सांगाड्याला गिटारच्या केबलची जाळी जोडलेली, जाळीला गिटारच्या तारा जोडलेल्या, आणि तारांवर तुमची बोटे. त्यात पावसाळ्यातली ओलसर जमीन. १९७४ च्या तुमच्या अँपला बहुधा तीन पिनांची वायर असेल, पण मधल्या काळात कोणी काय जोडले असेल याचा भरवसा नाही. म्हणून तो कंडेन्सर काढून टाकावा आणि तीन पिनांच्या वायरमधील अर्थची तार थेट सांगाड्याला पक्की जोडावी. घरातल्या सॉकेटचे अर्थिंगही वायरमनकडून मोजून घ्या, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत तिसरे भोक पुष्कळदा शोभेचे असते.

तिसरी गोष्ट तुम्ही कोकणात राहता म्हणून अधिक महत्त्वाची आहे. फेंडरच्या त्या काळातील अँपमध्ये सर्व सुटे भाग एका काळ्या फायबरच्या पट्टीवर बसवलेले असतात. ही पट्टी हवेतील ओल शोषते, आणि ओल शोषली की थोडी थोडी वीज वाहून नेऊ लागते; मग काही न वाजवताही तडतड आणि फुसफुस ऐकू येते, नॉब फिरवले की खरखरते, आणि पाऊस उघडला की सारे आपोआप थोडे सुधारते. त्या काळातील कार्बनचे रेझिस्टरही ओल पिऊन आपली किंमत वाढवून बसतात. व्हॉल्व्हच्या सॉकेटमधील पत्र्यावर खाऱ्या हवेचा गंज चढतो, तो वेगळाच. व्हॉल्व्ह बदलूनही तडतड गेली नाही तर दोष बहुधा या पट्टीत असतो, हे मेकॅनिकला ठाऊक नसेल तर त्याच्या कानावर घाला. ज्यांनी व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले आहेत अशी पिढी सावंतवाडी, कुडाळपासून म्हापशापर्यंत अजून कुठे कुठे सापडते. त्यांना गिटारचा अँप नवा वाटला तरी हे सर्किट परके वाटणार नाही.

चौथी गोष्ट ट्रान्सफॉर्मरची. तुमचा अँप अमेरिकी घरगुती विजेसाठी, म्हणजे सुमारे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला आहे. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची आहे. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो. त्यामुळे पहिल्या दिवशी मेकॅनिकच्या समोरच तासभर चालवून तापमान पाहावे आणि व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो का ते मोजून घ्यावे. बाजारातील बरेच स्वस्त स्टेपडाऊन हे एकाच वाइंडिंगचे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात आणि ते अँपला घरच्या विजेपासून वेगळे करीत नाहीत. दोन स्वतंत्र वाइंडिंगांचा, ३०० ते ५०० व्हीए क्षमतेचा आणि अर्थची पिन पुढे नेणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. संध्याकाळी तुमच्याकडे दाब पडत असेल आणि तुम्ही स्टॅबिलायझर लावणार असाल तर रिलेवर चालणारा लावू नका. त्याचा प्रत्येक ‘टक्’ रेकॉर्डिंगमध्ये उतरतो. सर्वो पद्धतीचा महाग असतो. त्यापेक्षा दुपारी रेकॉर्ड करणे स्वस्त पडते.

आता तुमच्या पायाकडे वळतो. पाय किती उंच ठेवायचा, किती वेळ बसायचे, वेदनाशामक गोळी घेतल्यावर काय टाळायचे, हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तेच खरे, आणि पोटरी सुजली किंवा बोटे बधिर झाली तर गिटार बाजूला ठेवून आधी त्यांना फोन करावा. माझ्या कक्षेतल्या बाबी तेवढ्या सांगतो. डिलक्स रिव्हर्बचे वजन एकोणीस किलोच्या आसपास असते, तेव्हा कुबड्या घेऊन त्याला ‘जरासे सरकवणे’ही तुमचे काम नव्हे. जमिनीवर पसरलेली केबल ही कुबड्यांवर चालणाऱ्या माणसासाठी शेवाळाइतकीच वाईट. प्रत्येक केबल भिंतीच्या कडेने न्यावी, दारापाशी उंबऱ्याला चिकटपट्टीने दाबावी आणि तुमच्या खुर्चीपासून बाथरूमपर्यंतची वाट पूर्ण मोकळी ठेवावी. पायाने दाबायचे सारे पेडल, अँपचा रिव्हर्ब (घुमारा) आणि व्हायब्राटोचा (थरथरीचा) खटकासुद्धा, टेबलावर घेऊन हाताने दाबा. बैठक पलंगावर न करता हात नसलेल्या खुर्चीत करा, समोरच्या स्टुलावर उशी ठेवून तीवर पाय घ्या, आणि बसूनही गिटारचा पट्टा गळ्यात असू द्या, म्हणजे उजव्या मांडीवर भार येणार नाही.

तुमची खरी अडचण वाजवण्याची नाहीच. अँप रेकॉर्ड करण्याच्या कामात वाजवणे थोडे आणि उठबस फार असते : माइक बोटभर सरकवायचा, येऊन ऐकायचे, पुन्हा जायचे, नॉब किंचित फिरवायचा, पुन्हा येऊन ऐकायचे. एका पायावर हे जमणार नाही. म्हणून माझा सल्ला असा की वाजवणे आणि अँपचा आवाज रेकॉर्ड करणे ही दोन कामे वेगळी करून टाका. अँप मेकॅनिककडून परत येईपर्यंत पहिले काम होईल. तो आल्यावर दुसरे.

पहिले काम अगदी शांततेत होते. गिटारची केबल इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेल्या इनपुटमध्ये लावा. ‘लाइन’मध्ये लावू नका, तिथे गिटारच्या पिकअपवर, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकी गुंडाळीवर, भार येऊन चमक मरते. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ ठेवून, सर्वांत जोरकस वाजवतानाही मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही इतका गेन ठेवा. कानाला मिळणारा आवाज अर्थातच कोरडा आणि कंगाल असतो, त्यावर हात खुलत नाही. म्हणून ऐकण्यापुरता लॅपटॉपमधला एखादा अँपचा प्लगइन (अँपच्या आवाजाची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) लावा, मात्र रेकॉर्ड कोरडाच सिग्नल होऊ द्या. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवला तर त्यापोटी होणारा विलंब तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो; इंटरफेसचा स्वतःचा विलंब धरूनही तो बहुधा बोटांना जाणवत नाही. या पद्धतीत आईची झोप मोडत नाही, कौलांवरचा पाऊस रेकॉर्ड होत नाही आणि वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालते. पाय ठणकू लागला की अर्ध्या ओळीत थांबा, उरलेली ओळ उद्या वाजवा. कोरड्या सिग्नलमधील सांधा ऐकूही येत नाही. अँपसमोर बसून वाजवले असते तर दोन दिवसांच्या आवाजात फरक पडला असता.

दुसऱ्या कामात हाच कोरडा सिग्नल इंटरफेसच्या आउटपुटमधून काढून अँपच्या इनपुटला द्यायचा असतो. याला रीअँपिंग म्हणतात आणि त्यासाठी मधे रीअँप बॉक्स लागतो, कारण इंटरफेसचा आउटपुट गिटारच्या मानाने फार जोरकस असतो आणि अँपला अपेक्षित असलेल्या प्रकारचा नसतो. चांगला ट्रान्सफॉर्मर असलेला पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटजोगा करणारी पेटी) उलटा जोडूनही काम भागते. आउटपुट अगदी शून्यावरून हळूहळू वाढवावा आणि गिटार थेट अँपला लावल्यावर जेवढी फूट, म्हणजे आवाजाला येणारा फाटकेपणा, मिळते तेवढी मिळाली की थांबावे. एवढे झाले की तुमचेच वाजवणे अँपमधून हवे तितक्या वेळा वाजत राहते, आणि तुम्ही पाय उशीवर ठेवून फक्त ऐकता. उठबस भाचा करील.

अँप कुठे ठेवायचा? माजघर उत्तम, कारण तिथे भिंतींवर बहुधा फडताळे, डबे, गाद्या असे काही ना काही असते. ओटीवर किंवा रिकाम्या खोलीत नको. गिलावा केलेल्या भिंती आणि फरशी यांच्यामध्ये आवाज चेंडूसारखा आपटत राहतो. डिलक्स रिव्हर्बची पाठ उघडी असते, म्हणजे स्पीकर जेवढा पुढे बोलतो जवळजवळ तेवढाच मागेही बोलतो, तोही उलट्या फेजमध्ये, म्हणजे पुढची लाट चढते तेव्हा मागची उतरते. मागचा आवाज भिंतीवर आपटून पुढे आला की काही स्वर पोकळ होतात. म्हणून अँप भिंतीपासून मीटरभर पुढे घ्यावा, अर्धा मीटर उंच भक्कम बाकावर ठेवावा आणि मागच्या भिंतीला काथ्याची गादी उभी करावी. बाजारातल्या पातळ फोमच्या चौकटींपेक्षा जाड काथ्या किंवा दोन-तीन पदरी घोंगडी अधिक उपयोगी असते, कारण पातळ फोम फक्त वरचे स्वर शोषतो आणि खालची घूं तशीच राहते. मात्र ही सारी तयारी खोलीतला आवाज सुधारते, आईच्या खोलीत जाणारा आवाज अडवत नाही. तो अडतो चिऱ्याच्या जाड भिंतीने, आणि कौलारू घरात भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नसतील तर वरून सरळ पलीकडे जातो. तेव्हा आई दुपारी शेजारी गेलेली असताना काम उरकणे हा सर्वांत चांगला ध्वनिरोधक.

आवाज कमी ठेवण्याबाबत एक भ्रम दूर केला पाहिजे. हा अँप बावीस वॅटच्या आसपासचा आहे. तो पाच वॅटचा असता तर आवाज चौपट कमी झाला असता, असे लोकांना वाटते. कानाचे गणित निराळे आहे : शक्ती दहापट घटवली तेव्हा कुठे आवाज निम्मा वाटतो. त्यामुळे अटेन्युएटर (अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये शक्ती घटवणारे उपकरण) लावून बावीसचे दोन वॅट केले तरी ते माजघरासाठी पुष्कळच असतात. अटेन्युएटर घ्यायचा झाल्यास तुमच्या स्पीकरच्या ८ ओहमला जुळणाराच घ्या, आणि स्पीकर किंवा योग्य लोड जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अँप कधीही चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. माझे मत विचाराल तर या अँपला अटेन्युएटर नको. व्हॉल्यूम तीनच्या आसपास ठेवून त्याचा जो काचेसारखा स्वच्छ आवाज येतो, त्यासाठीच हा अँप नावाजलेला आहे. तो फोडून ऐकायचा असेल तर एखाद्या मोकळ्या दुपारी अर्धा तास पाच-सहावर न्यावा.

माइककडे वळू. एसएम५७ हा १९६५ पासून बाजारात असलेला डायनॅमिक माइक आहे, तो मोठा आवाज सहज पेलतो आणि दमट हवेत कंडेन्सर माइकसारखा तक्रार करीत नाही. तुमच्याजवळ आहे त्याहून वेगळा काही विकत घेण्याची गरज नाही. स्पीकरच्या कापडापासून दोन बोटे अंतरावर, मधली टोपी जिथे संपते आणि कागदी कोन जिथे सुरू होतो त्या रेषेवर, माइक सरळ रोखून सुरुवात करा. टॉर्चचा झोत कापडावर तिरपा टाकला की टोपी आतून दिसते. मध्याकडे सरकवल्यास आवाज तीक्ष्ण होतो, कडेकडे नेल्यास मवाळ आणि जाड. अंतर वाढवले की खर्ज उतरतो, कारण अशा माइकमध्ये जवळिकीमुळे खर्ज फुगतो. भाच्याला एवढेच सांगा की एका वेळी बोटभरच सरकवायचे, आणि प्रत्येक जागा बदलली की माइकमध्ये जागेचा क्रमांक मोठ्याने बोलायचा. त्याच वीस सेकंदांच्या ओळी तुम्ही दुसऱ्या दिवशी ताज्या कानांनी ऐकून जागा ठरवा. माइकचे ठिकाण एकदा ठरले की स्टँडच्या पायांभोवती खडूने खुणा करा. नॉब हलवण्याआधी माइक हलवावा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. माइक चुकीच्या जागी ठेवून ट्रेबल कमी-जास्त करीत बसणारे अनेक जण पाहण्यात आहेत.

दोन माइक वापरण्याचा विचार सध्या करू नका. एक माइक दुसऱ्यापेक्षा पस्तीस सेंटिमीटर मागे असला तर त्याच्याकडे आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि दोन्ही मिसळल्यावर मधले स्वर खाल्ले जातात. ते निस्तरायला पुन्हा उठबस आलीच.

तुम्ही अँपपासून दुसऱ्या खोलीत बसा. समोर बसलात तर हेडफोनमध्ये माइकने टिपलेला आवाज कुठला आणि खोलीत ऐकू येणारा कुठला हे कळत नाही. यासाठी माइकची केबल लांब घ्या, गिटारची नव्हे : माइकची तीन पिनांची बॅलन्स्ड केबल तीस मीटर नेली तरी बिघडत नाही, उलट गिटारची केबल सहा मीटरच्या पुढे गेली की वरची चमक कमी होऊ लागते. थेट अँपमधून वाजवायचेच असेल तर मधे बफर (लांब केबलमुळे सिग्नल दुबळा होऊ न देणारे सर्किट) असलेले एखादे पेडल ठेवा. बॉसची बहुतेक पेडले बंद असतानाही बफर म्हणून काम करतात. अँप वीस मिनिटे तापू द्या आणि मगच पहिली ओळ टिपा. रिव्हर्ब मनाला हवा त्याच्या निम्माच ठेवा, तो नंतर वाढवता येतो, काढता येत नाही. त्याची स्प्रिंगची पेटी अँपच्या तळाशी असते, आणि बाकाला कुबडी लागली तरी ती ढगासारखी गडगडते.

पावसाचे काय? मुसळधार पाऊस कौलांवर पडत असताना हळू आवाजातला अँप टिपू नये. ओळींमधल्या शांत जागांत पाऊस स्पष्ट ऐकू येतो. अँप मध्यम आवाजात आणि माइक दोन बोटांवर असेल तर वाजत असताना पाऊस बुडून जातो. शिवाय कोरड्या ओळी तुमच्याजवळ तयार असतील तर घाई कशाची? ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेच्या सुमारास पावसाचा जोर ओसरू लागतो, तोवर तुमचे सहा आठवडेही संपत आलेले असतील.

प्रश्न : आमच्याकडे वीज वारंवार जाते म्हणून घरभर इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरवर माझा जुना व्हॉल्व्ह अँप विचित्र गुणगुणतो, आणि एरवीही बारीक ‘घूं’ असतेच. मित्र म्हणतो की अर्थची पिन काढून टाक. पाठीच्या दुखण्यामुळे मला वाकून तारा तपासणे जमत नाही, म्हणून सोपा उपाय सांगावा.
— एक वाचक, देवगड

उत्तर : मित्राचे ऐकू नका. अर्थची पिन काढल्यावर कधी कधी घूं थांबते हे खरे, पण त्यानंतर अँपमध्ये बिघाड झाला तर विजेला जमिनीत जाण्यासाठी उरलेला रस्ता तुमच्या शरीरातून जातो.

साध्या घरगुती इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते. तिच्यात वरच्या पटीतले स्वर भरलेले असतात, ट्रान्सफॉर्मर त्यांनी गुरगुरतो आणि तो आवाज कोणत्याही माइकच्या जागेने जात नाही. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नये. करायचेच तर ‘प्युअर साइन’ प्रकारचा हवा. एरवीच्या घूंसाठी खुर्चीवरून न उठता करता येण्याजोगी तपासणी अशी : आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. घूं गेली तर ती गिटारच्या पिकअपमधून येत होती. सिंगल कॉइल पिकअप ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर आणि स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर यांची गुणगुण उचलतात. गिटार मांडीवर घेऊन खुर्चीसह हळूहळू वळा, एका दिशेला घूं जवळजवळ नाहीशी होते, त्या दिशेला तोंड करून वाजवा. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर असूनही घूं राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. तेव्हा थांबली तर दोन अर्थिंगांमधला फेरा होता, आणि अँप, लॅपटॉप व इंटरफेस एकाच बोर्डवर घेतले की बहुधा सुटतो. त्यानंतरही खर्जातली जाड घूं राहिली तर आतले फिल्टर कंडेन्सर थकले आहेत असे समजून अँप मेकॅनिककडे द्या, आणि उचलायला दुसऱ्याला सांगा.

प्रश्न : डाव्या मनगटाचे हाड मोडल्यामुळे मला सहा आठवडे गिटार धरता येणार नाही. वडिलांचा जुना अँप दुरुस्त होऊन घरी आला आहे. न वाजवता त्याचा काही उपयोग करता येईल का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : येईल, आणि या काळाला साजेसेच काम आहे. अँप स्वच्छ आवाजावर ठेवून त्यातून २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत चढत जाणारा स्वर वाजवावा, माइकने तो टिपावा आणि त्यापासून इम्पल्स रिस्पॉन्स तयार करावा. यासाठी मोफत सॉफ्टवेअर मिळते. त्यात तुमचा स्पीकर, माइक आणि खोली यांचा स्वभाव उतरतो, व्हॉल्व्हची फूट मात्र उतरत नाही. तीही हवी असेल तर न्यूरल अँप मॉडेलर हे मोफत सॉफ्टवेअर वापरा : त्यातला काही मिनिटांचा चाचणी-ध्वनी रीअँप बॉक्समधून अँपला द्यायचा, परत आलेला आवाज रेकॉर्ड करायचा, आणि संगणक त्या दोघांची तुलना करून अँपची नक्कल शिकतो. व्हॉल्यूमच्या वेगवेगळ्या जागांवर अशा चार-पाच नकला करून ठेवा. नॉब फिरवायला उजवा हात पुरतो, आणि मनगट मोकळे झाल्यावर पहिले काही आठवडे हेडफोनवर हळूहळू सराव करताना वडिलांच्याच अँपचा आवाज कानाशी असेल.

प्रश्न : पावसाळ्यात व्हॉल्व्ह अँप कसा ठेवावा? प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला तर चालेल का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : प्लॅस्टिक नको. आतली ओल आतच कोंडून राहते आणि कापडावर बुरशी येते. जमिनीपासून उंच, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तासभर चालू करावा. व्हॉल्व्हची उष्णताच आतली पट्टी आणि स्पीकरचा कागद सुकवते. मागची उघडी बाजू सुती कापडाने झाका, नाहीतर कुंभारीण माशी मातीची घरटी करते आणि पाली व्हॉल्व्हच्या मागे मुक्काम टाकतात. चालू करण्याआधी मात्र ते कापड काढा आणि टॉर्चने मागून एकदा पाहून घ्या.